आकाराम फौजींचा भारद्वाज

आकाराम माने चोवीस वर्षं लष्करात होते आणि तिथं ते नेमकं काय करत होते, हे गावात कुणालाही माहीत नव्हतं. रहिमतपूरच्या अलीकडं ओढ्याच्या काठाला त्यांची वस्ती आहे. तीन खोल्यांचं घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, अंगणाच्या कडेला घाणेरी आणि चिलारीची मिळून झालेली एक दाट जाळी, आणि जाळीपलीकडं दीड एकर ऊस. पेन्शन घेऊन ते इथं परत आले, त्याला आता आठ वर्षं झाली. आल्या आल्या पारावरच्या मंडळींनी रीतसर चौकशी केली होती. कुठल्या पलटणीत होता, लढाई बघितली का, गोळी कधी चाटून गेली का. आकाराम म्हणाले, सांगायची परवानगी नाही. आणि म्हणता म्हणता त्यांनी वर गेलेली बाही खाली ओढली. तेवढ्यात उजव्या हातावरचे चार-पाच जुने चट्टे लोकांच्या नजरेला पडले. पुढचं काम लोकांनीच केलं. कुणी त्या चट्ट्यांतून छर्रे काढले, कुणी गोळ्या, आणि एका म्हाताऱ्यानं तर अख्खा हातबाँब काढला.

खरी गोष्ट अशी की आकाराम लांगरी होते. लांगरी म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. हातावरचे चट्टे तंदूरचे होते. जिथं पाणी उकळतं पण डाळ शिजत नाही अशा उंचीवर त्यांनी चारशे जवानांना डाळ शिजवून घातली होती, आणि त्यांच्या हातचा राजमा खायला दुसऱ्या तुकडीचे साहेब काही ना काही सरकारी निमित्त काढून यायचे. यात लाजण्यासारखं काय आहे, असं तुम्ही-आम्ही म्हणू. पण भरतीच्या वेळी आईनं साऱ्या भावकीत सांगून ठेवलं होतं, की माझं पोरगं बंदूक घेऊन हद्दीवर उभं राहणार. आणि माने भावकीत जो पुरुष चुलीजवळ दिसेल त्याला म्हातारपणापर्यंत 'आक्का' म्हणायची पद्धत होती. तेव्हा आकारामांनी झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवली.

झाकलेल्या मुठीची अडचण एवढीच, की त्या हातानं दुसरं काही करता येत नाही. आठ वर्षांत त्यांनी स्वतःच्या घरात चहासुद्धा केला नाही, न जाणो साखर टाकताना हात सराईत दिसला तर. शिवाय जो माणूस काही सांगत नाही, त्याला लोक हळूहळू विचारेनासे होतात. पहिलं वर्ष सरलं आणि वस्तीकडं कुणी फिरकेना. पोराला भरतीला पाठवायचं असलं की लोक दुसऱ्या फौजीकडं जायचे, ऊस लावायचा असला की तिसऱ्याकडं. आकारामांची इच्छा फार मोठी नव्हती. कुणीतरी आपल्या अंगणात यावं, काहीतरी विचारावं आणि ते घेऊन समाधानानं परत जावं, बस. मुलगा यशराज पुण्यात कंपनीत होता, तो फोनवर फक्त आईशी बोलायचा. बायको हरणाबाई घरात होती, पण तिला विचारायला काही उरलेलंच नव्हतं. सगळं तिलाच माहीत असायचं.

म्हणून आकाराम पाखरांची हजेरी घेत. माघ सरत आला की वस्तीवर पाखरांची एकच धांदल उडते. बांधावरचा पांगारा लालभडक फुलतो आणि त्यावर साळुंक्या, बुलबुल आणि कोतवाल सकाळपासून भांडणाला बसतात. तांबट सहाच्या ठोक्याला ठोकाठोकी सुरू करतो तो जेवणवेळेपर्यंत. दयाळ टीव्हीच्या छत्रीवर बसून शीळ घालतो. एक शिंजीर तर मोटारसायकलच्या आरशातल्या शिंजिराशी रोज तासभर मारामारी करायचा, शेवटी आकारामांनी आरशाला पायमोजा घातला. ते वहीत तारीख, वेळ आणि हजर-गैरहजर लिहीत. मुंगसाचं कुटुंब ओढ्याकडं गेलं की तेही लिहीत.

आणि जाळीत तो राहायचा. कावळ्याएवढा काळा, पंख विटकरी, डोळे लाल, आणि चाल अशी की तलाठी साखळी टाकून जमीन मोजत निघालाय. उडणं त्याला फारसं जमत नाही. आवाज मात्र रिकाम्या रांजणात तोंड घालून काढल्यासारखा, हूप, हूप, हूप. हरणाबाई त्याला कुंभारकावळा म्हणायची आणि चोर समजायची, कारण तो तिच्या कोंबडीची पिलं उचलायचा. शिकलेली माणसं त्याला भारद्वाज म्हणतात, आणि सकाळी सकाळी तो दिसला की दिवस चांगला जातो असं अख्खा मुलूख मानतो. आकारामांनी त्याला वहीत दोन्ही नावांनी लिहिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी लालासाहेब सोसायटीच्या निवडणुकीला उभे होते. मतदानाच्या सकाळी ते वस्तीवरची दोन मतं मागायला आले आणि जाळीच्या शेंड्यावर त्यांना भारद्वाज दिसला. पंख पसरून, पाठ उन्हाला देऊन, अगदी फोटो काढायला बसावा तसा. लालासाहेब अकरा मतांनी निवडून आले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते असं आपण म्हणतो, पण फांदी मोडून ज्याच्या अंगणात लाकूड पडलं तो ते कसं मानणार. लालासाहेबांनी पेढे वाटताना गावभर सांगितलं, की मतं लोकांनी दिली पण निकाल आकारामच्या जाळीत लागला होता.

झालं. लोक येऊ लागले. दहावीच्या पेपराआधी पोरं, मुलगी बघायला निघालेली वरपक्षाची मंडळी, कोर्टाची तारीख असलेले भाऊ-भाऊ (वेगवेगळ्या दिवशी), बोअर मारण्याआधी शेतकरी. माघातल्या थंडीत तो पक्षी बरोबर सात वाजून सतरा मिनिटांनी जाळीवर यायचा आणि वीसेक मिनिटं बसायचा. घड्याळ लावावं असा. आकारामांनी त्याची शिस्त बसवली. चटई अंथरायची, चपला बाहेर, मोबाइल बंद, बोलायचं नाही. बरोबर सव्वासातला ते एक बारीक शिट्टी द्यायचे आणि सगळे जाळीकडं तोंड करून हात जोडायचे. लोक हळूच विचारायचे, फौजी, आज यील न्हवं? आकाराम घड्याळ बघून म्हणायचे, येणार. आणि तो यायचा. त्या वेळी आकारामांना जे वाटायचं ते चोवीस वर्षांत कुठल्या साहेबाच्या शाबासकीनं वाटलं नव्हतं. इतकं सोपं सुख कुणाला नको असतं.

हरणाबाईला ते नको होतं. तिला रोज वीस माणसांचा चहा पडायचा आणि पंधरवड्यात तिची तीन पिलं गेली होती. तिचं म्हणणं सरळ होतं, जाळी तोडा. आकारामांनी तिला समजावून सांगितलं, की अगं, तो पक्षी शुभ असतो.

"पिलांस्नी इचारा," ती म्हणाली.

जाळी काही तुटली नाही. हरणाबाईनं पिलांवर डालगं झाकलं, डालग्यावर दगड ठेवला, आणि चहात दूध कमी केलं.

असे दोन माघ गेले. गेल्या वर्षी माघ सरताच सुगी लागली, लोक यायचे थांबले आणि त्याची हजेरीही लिहायची राहिली होती. यंदाचा माघ सरला आणि फाल्गुन लागला तशी वहीत गडबड दिसायला लागली. सात सतराचे सात दोन झाले. मग सहा पन्नास, तेही दोनच मिनिटं. मग एका ओळीत नुसतं 'गैरहजर'. आकारामांनी तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी त्यांना उलगडा झाला. पहाटे आता थंडी राहिली नव्हती. तो पक्षी ऊन खायला वर यायचा, गारठलेलं अंग शेकून घ्यायला. अंग गारठेनासं झालं तसं त्याला वर यायचं कारण उरलं नाही. सूर्य उगवायच्या आत तो खालच्या खाली उसात शिरायचा आणि किडे-गोगलगायी गोळा करत ओढ्याकडं जायचा. म्हणजे दोन वर्षं गावानं हात जोडले ते एका शेकत बसलेल्या प्राण्याला.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उद्यापासून अंगण रिकामं झालं असतं. त्यांनी कारणं द्यायला सुरुवात केली. आज अमावस्या आहे. आज कुणाच्या तरी कमरेला चामड्याचा पट्टा होता. आज ट्रॅक्टर वाजला. एकदा लांबून नुसता हूप हूप ऐकू आला तेव्हा त्यांनी जाहीर केलं, की आवाज म्हणजे निम्मं दर्शन. लोकांनी तेही मानून घेतलं, पण जाताना ते उरलेल्या निम्म्याबद्दल कुजबुजत गेले.

नेमका अशा वेळी लालासाहेबांचा निरोप आला. त्यांच्या साडूची मुलगी अंकिता, माण तालुक्यातली. बाप मुंबईला कामाला, आई शेळ्या राखते. पोरगी पोलीस भरतीला दोनदा गेली होती आणि दोन्ही वेळा मैदानावर मार खाल्ला होता, एकदा बारा सेकंदांनी आणि एकदा धावता धावता चक्कर येऊन. बापानं यंदा शेवटची संधी दिली होती, न जमल्यास चैत्रात लग्न. साताऱ्याला दहाच्या आत हजर राहायचं होतं, साडेसातची एसटी होती, आणि त्याआधी तिला भारद्वाज दिसलाच पाहिजे, असं लालासाहेबांनी फर्मावलं. शिवाय चेअरमन स्वतः येणार म्हटल्यावर त्यांच्यामागं वीस-पंचवीस माणसं येणार, हे ठरलेलंच.

आकारामांनी आदल्या दिवशी होईल तेवढी तयारी केली. जाळीच्या बुडाला ओल्या मातीत गोगलगायी आणून सोडल्या. संध्याकाळी गोठ्यामागं जाऊन तांब्याच्या घागरीत तोंड घातलं आणि हूप हूप करून बघितलं. ओढ्याकडून खरंच उत्तर आलं. त्यांनी आनंदानं घागरीतून तोंड काढलं तर समोर हरणाबाई चाऱ्याची पेंढी घेऊन उभी होती. तिनं घागर मागून घेतली, विसळली आणि आत नेऊन ठेवली.

सकाळी साडेसहालाच अंगण भरलं. लालासाहेब पांढऱ्या टोपीत पुढं बसले. त्यांच्या बाजूला अंकिता आणि तिची आई. पोरगी काटकुळी होती, ट्रॅकपँट घातलेली, केस घट्ट बांधलेले. तिनं हात जोडले ते जाळीवरची नजर न काढता. मागं पंचवीस माणसं. सूर्य उगवला, उसाच्या शेंड्यांवर आला, जाळीवर आला. जाळीवर एक बुलबुल येऊन बसला आणि सगळ्यांकडं बघून उडून गेला.

सहा पन्नास झाले. आकारामांनी शिट्टी दिली, उगाचच. सहा पंचावन्नला ते काठी घेऊन जाळीच्या मागल्या बाजूला गेले आणि बुडात चार फटके मारले. आतून मुंगसीण आणि तिची तीन पोरं बाहेर पडली आणि चटईवरून, लालासाहेबांच्या मांडीला घासून पलीकडं गेली. मुंगूसही शुभच असतं, असं मागून कुणीतरी म्हणालं, पण लालासाहेबांनी मान हलवली. ठरलं होतं ते ठरलं होतं. मग आकारामांनी शेवटचा उपाय केला. हरणाबाईची नजर चुकवून घागर घेतली, मागून जाळीत शिरले, रांगत रांगत मधोमध गेले आणि घागरीत तोंड घालून जीव तोडून हूप हूप केलं.

अंगणात पंचवीस माणसांनी हात जोडले. उसातून उत्तर आलं, हूप, हूप. आकारामांनी पुन्हा साद घातली. पुन्हा उत्तर आलं, आता जरा लांबून. तिसऱ्यांदा आलं ते थेट ओढ्याच्या पलीकडून. ज्या पक्ष्याला बोलवायचं होतं त्याला, जाळीत दुसरा दांडगा नर आलाय असं सांगून, आकारामांनी स्वतःच हाकलून लावलं होतं.

ते बाहेर आले तेव्हा केसांत घाणेरीची फुलं होती आणि शर्ट दोन ठिकाणी फाटला होता. घागर त्यांनी पाठीमागं धरली. आवाज म्हणजे निम्मं दर्शन, हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं होतं. ते म्हणायला त्यांनी अंकिताकडं बघितलं आणि वाक्य तिथंच राहिलं.

पोरीचे ओठ पांढरे पडले होते. जोडलेल्या हातांची बोटं कापत होती. एवढ्या सकाळच्या वाऱ्यात तिच्या वरच्या ओठावर घाम होता. असा चेहरा आकारामांनी शेकड्यांनी बघितला होता, दौडीच्या दिवशी नाश्ता चुकवून रांगेत उभ्या राहणाऱ्या नव्या पोरांचा. पहिल्या हजार पावलांत ती पोरं खाली कोसळायची. त्यांनी तिला विचारलं, काय खाल्लंस? उत्तर तिच्या आईनं दिलं, आणि अभिमानानं दिलं. काल दुपारपासून पाण्याशिवाय पोटात काही नाही. दर्शन उपाशीपोटीच घ्यायचं असतं. मागच्या वेळीही भरतीसाठी कडक उपास धरायला लावला होता, त्याच्या मागल्या वेळीही.

"मागल्या बारीला चक्कर आली ती त्या उपासात व्हय?" आकारामांनी विचारलं.

आई म्हणाली, व्हय, पर उपास काय मोडला न्हाई.

आकारामांना राग आला. आठ वर्षांत गावानं त्यांचा मोठा आवाज ऐकला नव्हता, आता ऐकला. चारशे जवानांना रांगेत उभं करणारा लंगरचा आवाज होता तो. ते म्हणाले, ऊठ, आधी खायचं. लालासाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. अजून पक्षी आला नव्हता, आणि दर्शनाआधी खाल्लं तर सगळंच फुकट.

समोर भरलेलं अंगण होतं. इतकी माणसं त्यांच्या दारात पुन्हा कधी बसणार नव्हती हे त्यांना कळत होतं, आणि ते कळूनही जीभ थांबेना.

"लालासाहेब, त्यो ऊन खायाला येतो. आता थंडी गेली, त्यो यायचा न्हाई. आपल्यासाठी त्यो कवाच आलेला न्हाई."

आकाराम घागर खाली ठेवून घरात गेले ते थेट स्वयंपाकघरात, आठ वर्षांत पहिल्यांदा. लिंबू, साखर आणि मीठ घालून तांब्याभर पाणी केलं आणि बाहेर येऊन पोरीच्या हातात दिलं. एकदम नाही, घोट घोट, असं बजावलं. मग त्यांनी रव्याचा डबा काढला.

उप्पीट करायचं होतं एका पोरीपुरतं. पण एका माणसाचा अंदाज त्यांना होताच कुठं. चारशेच्या हिशेबानं चाललेला हात कितीही आवरला तरी तीस-चाळीसच्या खाली येईना. हरणाबाईनं शिमग्यासाठी दळून आणलेला चार किलो रवा सगळाच्या सगळा निघाला. गॅसवर बसेल एवढं भांडं पुरेना, म्हणून त्यांनी लग्नातलं मोठं पातेलं अंगणात आणलं आणि आंघोळीच्या पाण्याचा हंडा उतरवून पेटत्या चुलवणावर चढवलं. आता जे काय होणार ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होणार होतं. ते मांडी घालून बसले, पाटावर सुरी धरली आणि पंचवीस माणसांकडं बघत बघत वीस कांदे चिरले. सुरीकडं एकदाही बघितलं नाही. फोडणीत मोहरी तडतडली, कढीपत्ता पडला, रवा पडला, आणि त्यांचा हात पातेल्यात असा फिरायला लागला की मागची माणसं बघायला उठून पुढं आली. चपला घालून आली, मोबाइल काढून आली. शिस्त सगळी मोडली.

लालासाहेब बराच वेळ त्या हाताकडं बघत होते.

"आकाराम, लंगरला व्हतास व्हय रं?"

"व्हय," आकाराम म्हणाले. हात थांबला नाही. "चोवीस वर्सं. च्यारशे मानसं रोज." आणि मग दुसऱ्या हातानं बाही वर सारून त्यांनी चट्टे दाखवले. "ह्ये तंदूरचं हाईत."

ते हसण्याची वाट बघत होते. हसलं कुणी नाही. ज्या म्हाताऱ्यानं त्या चट्ट्यांतून हातबाँब काढला होता तो जरा खट्टू झाला, पण पातेल्यातून वाफ आली तशी त्यानं विचारलं, की बर्फात रवा भाजतो का. आकारामांनी सांगितलं, भाजतो, पण वेळ लागतो. मग दुसऱ्यानं विचारलं, चारशे माणसांना मीठ किती लागतं. तिसऱ्यानं विचारलं, पोराच्या लग्नाला हजार पान आहे, आचारी डाळ पातळ करून लुटतो, ते कसं ओळखायचं. प्रश्न थांबेनात. आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आकारामांना येत होतं, आणि ते सांगायची परवानगीही होती. त्यांना मधेच चुलीचा धूर लागला आणि डोळे पुसावे लागले. धूर खरोखरच होता, पण नुसता धूर नव्हता.

अंकितानं एक वाटी खाल्ली. ओठांवर रंग आला तशी तिनं दुसरी मागितली, ती आकारामांनी दिली नाही. पळायचं आहे, झोपायचं नाही, असं म्हणून त्यांनी तिच्या पिशवीत दोन केळी आणि गुळाचा खडा घातला आणि कुठलं कधी खायचं ते दोनदा पाठ करून घेतलं. तोवर एसटी गेली होती. लालासाहेबांना स्वतःची गाडी काढावी लागली, जी ते चालवण्यापेक्षा पुसायचे जास्त. मायलेकींना मागं बसवून ते निघाले, आणि उप्पिटाची ताटली त्यांनी शेजारच्या सीटवर ठेवून घेतली.

गाडी गेल्यावर लोक जेवायला बसल्यासारखे बसले. आकाराम पातेल्याशी उभे राहून वाढत होते. त्यांची नजर सहज जाळीच्या बुडाकडं गेली. तो तिथं होता. जमीन मोजत, एक एक पाऊल टाकत तो ओल्या मातीशी आला, एक गोगलगाय उचलली, लाल डोळ्यानं अंगणाकडं बघितलं आणि दुसरी उचलली. तेवढ्यात कुणीतरी ताटली पुढं करून म्हणालं, फौजी, आणि थोडं. आकाराम वाढायला वळले. पक्षी आला होता हे सांगायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

दुपारी लालासाहेबांचा फोन आला. पोरगी आठशे मीटर पळाली, पडली नाही, आणि बारा सेकंद कमी पडण्याऐवजी चार सेकंद आधी पोचली. निवड झाली की नाही ते यादी लागल्यावर कळणार होतं. तिची आई म्हणत होती, ते उपासाचं फळ, तीन वर्षांचं साठून आलं. पारावर दोन तट पडल्याचंही लालासाहेबांनी सांगितलं. एक म्हणत होता मुंगसाचा गुण, दुसरा म्हणत होता उप्पिटाचा. त्यांचं स्वतःचं मत त्यांनी राखून ठेवलं, कारण दोन्ही बाजूंची मतं त्यांना लागणार होती. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, की पुढल्या महिन्यात सोसायटीची सभा आहे, साठ माणसं येतील, येशील का रांधायला.

आकाराम पातेलं राखेनं घासत होते. हरणाबाई दारात बसून डालग्याखालच्या पिलांना कण्या टाकत होती. सकाळपासून ती एक अक्षर बोलली नव्हती. रवा सगळा गेला होता, शिमगा चार दिवसांवर होता, तेव्हा बोलणार तरी काय. शेवटी आकारामच म्हणाले, की तुला आधी सांगायला पाहिजे होतं.

"काय सांगायचं?" ती म्हणाली. "लगीन झाल्यावर पयल्या सुट्टीला आलासा, तवाच कळलं व्हतं. बंदूकवाल्या मानसाच्या शर्टाला लसनाचा वास येतो व्हय?"

इतकी वर्षं जे झाकून ठेवलं ते घरात उघडंच पडलं होतं. ते म्हणाले, मग बोलली का नाहीस.

"तुमी सांगाल म्हनून वाट बघत व्हते. आन् आठ वर्सं झाली, कवातरी म्हनाल, सर बाजूला, आज मी करतो." तिनं उरलेल्या कण्या झटकल्या. "सगळ्या गावाला वाढलंसा. माज्या ताटात काय पडलं?"

आकारामांनी पातेल्यात बघितलं. ते घासून लख्ख झालं होतं. पंचवीस माणसांनी बोटं चाटून खाल्लं होतं, आणि ज्या बाईचा रवा होता ती सकाळपासून उपाशी होती. बारक्याशा चेहऱ्यावरची भूक ओळखणाऱ्या माणसाला ही एवढी मोठी भूक दिसली नव्हती. त्यांना इतकी लाज वाटली की तंदूरचे चट्टे लपवताना कधी तेवढी वाटली नव्हती.

ते उठले. हात धुतले, आत गेले आणि तांदळाचा डबा काढला. रव्यासारखा तोही सगळा हातात यायला लागला तसे ते दारात आले आणि डबा पुढं धरून त्यांनी विचारलं, की किती घेऊ.

हरणाबाई जागची उठली नाही. तिनं पदरानं कपाळ पुसलं, पाय पसरले आणि भिंतीला पाठ टेकली.

"दोघांचं घ्या," ती म्हणाली.